मालवणच्या बाजारातून, रस्त्याच्या मधून

फोंडाघाट

घाट उतरून आमची सर्व्हिस मोटर फोंड्याच्या बाजारात थांबली, तेव्हा इंजिनातून वाफ निघत होती आणि मी खिडकीच्या दांडीला डोके टेकून बसले होते. वळणे संपली होती, पण माझ्या पोटाला ते अजून कळले नव्हते. ड्रायव्हरने इंजिनात पाणी ओतले, पंचाने तोंड पुसले आणि समोरच्या हॉटेलातून बिनदुधाचा चहा लिंबू पिळून माझ्यासाठी आणून दिला.

"प्या बाई. आता सपाटी हाय," तो म्हणाला.

त्याचे नाव दत्तोबा. कागलकडचा, रुंद चेहऱ्याचा, तिशीतला माणूस. पावसाळा संपल्यावर मालकाने त्याला या लायनीवर घातले होते. घाटात त्याने गाडी इतकी जपून आणली होती की मी त्याला तसे बोलून दाखवले.

"घाटाचं भ्या न्हाई मला," तो म्हणाला. "दरी कुठं हाय ते ठावं असतंय. भ्या वाटतं ते मालवणच्या बाजाराचं."

"का? फार गर्दी असते?"

"गर्दी कसली, बाई. चार मानसं. पर रस्त्याच्या मधनं चालत्यात. भोंगा दिला तर बाजूला व्हायची न्हाईत. मागं वळून बघत्यात, जणू आपुनच काय वंगाळ बोललो."

मी पुण्यात मुलींच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, हे मी त्याला सांगितले. रस्त्याने कसे चालावे, कुठे थांबावे, दुसऱ्याचा खोळंबा कसा करू नये, हा माझा पाचवीचा धडा. त्याला ते फार आवडले.

"मग एक धडा तिथं बी घ्या की," तो म्हणाला.

मी हसले. माझी कॉलेजातली मैत्रीण सुलभा लग्न होऊन मालवणला गेली होती. नवरा मुंबईला नोकरीत, घरी सासरे आणि ती. दिवाळीच्या सुट्टीत ये, ये म्हणून तिने किती दिवस लकडा लावला होता. जाताना मोटर, येताना बोट असा माझा बेत होता. तिथल्या रस्त्यांशी माझा काही संबंध येईल असे वाटण्याचे कारण नव्हते.

मालवण

कणकवली गेली, कसाल गेले. लाल रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापणी झालेले मळे आणि गवताच्या उडव्या. मग माड दाट होत गेले, हवेला खारा ओलावा आला, आणि उन्हे कलताना आम्ही मालवणच्या बाजारात शिरलो.

दत्तोबाने सांगितले ते शब्दशः खरे निघाले. चिऱ्यांच्या ओट्यांची, कौलारू दुकानांची दुतर्फा रांग, आणि मधल्या अरुंद रस्त्यावर ऐन मधोमध दोन म्हातारे चालले होते. एकाचे धोतर, पांढरा सदरा आणि काळी टोपी. दुसऱ्याची पँट, जुना कोट आणि डोक्याला हॅट. टोपीवाले बोलत होते, हॅटवाले ऐकत होते. दत्तोबाने भोंगा दाबला. टोपीवाल्यांनी सावकाश मान वळवून गाडीकडे पाहिले आणि पुन्हा बोलणे सुरू केले. पुन्हा भोंगा. आता तेवढेही नाही. गाडी बैलाच्या चालीने त्यांच्यामागून सरकू लागली. दत्तोबाने माझ्याकडे वळून पाहिले. मी मान हलवली.

शेवटी माझ्या मागच्या बाकावरून एका बाईने खिडकीतून डोके बाहेर काढले. "तात्यानू, गाडी इली हां," ती म्हणाली. साध्या आवाजात, जशी अंगणातून हाक मारावी.

दोघेही ताबडतोब बाजूला झाले. टोपीवाल्यांनी हसून हात वर केला. "कोण गो ती? बाबल्याची सून मा? माहेराक गेलेलंस? बरी आसा मा आवस?" गाडी त्यांच्याजवळून जाताना बाईने सगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली. मग त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले. "आणि ही पुण्याची बाय आमच्या सुलभाकडची दिसता."

ते सुलभाचे सासरे होते.

रात्रीच्या जेवणाला तिरफळे घातलेली बांगड्याची आमटी, भात आणि सोलकढी होती. तात्या अगत्याने वाढायला लावत होते. मला राहवले नाही. मी विचारले, "तात्या, गाडीला वाट का दिली नाही?"

त्यांना प्रश्नाचे नवल वाटले नाही. त्यांची सगळी नोकरी मुंबईत झाली होती, धक्क्यावरच्या एका गोदामात. मला काय खटकले ते त्यांना नेमके कळत होते.

"मुंबयत मी फुटपाथावरसून चललंय, बाय. पोलिसान हात केल्यान की थांबलंय. थंय माका कोण वळखत नाय, मगे रागावतलो कोण? हयसर उजव्या हाताक सोनाराचा दुकान, डाव्या हाताक वाण्याचा. मी डाव्या कडेन गेलंय तर सोनार म्हणतलो, तात्यान तोंड फिरवल्यान. मधून गेलंय की दोघांकय बरा."

"पण भोंगा ऐकू आला ना?"

"भोंगो ढोरांक. माणसाक नाव आसता."

सुलभा ताटावर मान घालून हसत होती. "मी इथे आले तेव्हा मीही असेच वाद घातले," ती मला नंतर म्हणाली. "आता मीही मधूनच चालते."

पुण्यात सायकलची घंटा वाजली की आपण सरकतो. त्यात मान-अपमानाचे काही नसते, कारण घंटा कोणासाठी म्हणून वाजतच नाही. हे मी अंथरुणावर पडल्यापडल्या मनात मांडत होते आणि ते मला अगदी बिनतोड वाटत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्या दोघांबरोबर बंदरापर्यंत फिरायला गेले. हॅटवाले होते पास्कूमास्तर. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, ख्रिस्ती, ऐकायला थोडे कमी. तात्या आणि ते एकाच बाकावर शिकले होते. साऱ्या गावाचे तात्या, पण पास्कूमास्तर त्यांना वासू म्हणत आणि वासूचे कुठलेही बोलणे अर्ध्यात तोडत. "गप रे वासू, तुका काय कळता," हे वाक्य त्या फेरीत मी सतत ऐकले.

सवयीने मी रस्त्याची डावी कड धरली होती. थोड्या वेळाने पास्कूमास्तर थांबले.

"बाय, कडेन कित्याक चलतंस? कोणाचो राग इलो तुका?"

मी मध्ये आले. आणि मग त्या चालण्याची रीत मला दिसू लागली. दोन्ही ओट्यांवरून माणसे बोलत होती आणि दोन्हीकडे उत्तरे जात होती. मी कोण, कुठली, लग्न झाले की नाही, नसेल तर का नाही, हे मला सरळ विचारले गेले. पुण्यात असे कोणी विचारले असते तर मी महिनाभर त्याच्याशी बोलले नसते. इथे न विचारणे हा उद्धटपणा होता. आलेल्या माणसाची चौकशीसुद्धा केली नाही, म्हणजे तो आला काय आणि न आला काय.

मागून एक बैलगाडी आली. गाडीवानाने दुरूनच "पास्कूमास्तर, येतंय हां" म्हटले. तिघेही सरलो. गाडी गेली आणि आम्ही परत मध्ये.

तोंडवली

एक दिवस सुलभा मला तोंडवलीला घेऊन गेली. सुरूच्या झाडांपलीकडे लांबच लांब रिकामा किनारा, आणि वाळूवर जाळी वाळत घातलेली. मला पाणी जवळून बघायचे होते, म्हणून मी एक जाळे ओलांडून सरळ पुढे निघाले. झावळ्यांच्या सावलीत मासे निवडणारी एक बाई उठून उभी राहिली.

"गो बाय, चपला घालून जाळा ओलांडतंस? आमच्या पोटार पाय दितंस?"

मी तिथेच खिळले. सुलभाने मला हाताने मागे ओढले, चपला काढायला लावल्या, आणि जाळ्याला हात लावून नमस्कार करायला सांगितले. बाई लगेच शांत झाली. तिने आम्हाला शहाळी दिली, आणि निघताना सुकी सुंगटे, म्हणजे कोळंबी, पानात बांधून दिली. माझ्या चुकीचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

परतताना मी सुलभाला म्हटले, "रस्त्यात मनमोकळे चालता येते आणि मोकळ्या वाळूत मात्र वाट चुकते, असे तुमचे गाव." आम्ही दोघी हसलो. त्या प्रवासातले माझे निर्भेळ हसणे तेवढेच.

बाजारातली संध्याकाळ

त्या दिवशी दुकानांतून नुकते कंदील लागत होते. मी दोघा म्हाताऱ्यांबरोबर निघाले होते, पण खाज्याच्या दुकानाशी रेंगाळले. गुळात घोळलेले, आले लावलेले ते बेसनाचे खाजे शाळेतल्या बायांसाठी न्यायचे होते. तात्या आणि पास्कूमास्तर पाच-सहा पावलांवर पुढे होते, त्यामुळे जे झाले ते मी समोर पाहिले.

मोटर आली. भोंगा वाजला. पास्कूमास्तरांनी तो ऐकला आणि ते डावीकडे सरले. तात्यांनी त्यांचे कोपर धरले.

"थांब रे. वाजवंदे. नावान हाक मारूक शिकांदे तेका."

दत्तोबाने मास्तरांना सरताना पाहिले होते. वाट मिळाली असे समजून त्याने गाडी पुढे घेतली, आणि त्याच वेळी तात्यांनी ओढले म्हणून मास्तर परत मध्ये आले. ब्रेक दाबल्याचा आवाज आला. मडगार्डाचा धक्का लागून ते पडले आणि पुढचे चाक त्यांच्या गुडघ्यावर दाब देऊन थांबले. तात्यांच्या हातात त्यांच्या कोटाची बाही तशीच होती.

कोणी ओरडले नाही. मला वाटले होते, आता ड्रायव्हरला लोक खाली खेचतील. तसे काही झाले नाही. सोनार आणि वाणी दोघेही ओट्यांवरून उतरले, सगळ्यांनी हात लावून गाडी मागे ढकलली, कोणी दुकानाची फळी आणली, आणि तिच्यावर घालून मास्तरांना दवाखान्यात नेले. दत्तोबा गाडीच्या पायरीवर बसला होता. एका म्हातारीने त्याला पाण्याचा तांब्या दिला.

"म्या पायलं न्हवं का, ते बाजूला झालं हुतं," तो मला म्हणाला. "तुमी बी पायलं न्हवं का, बाई?"

"पाहिले," मी म्हटले.

थोड्या वेळाने हवालदार आला. इतका वेळ मालवणीत बोलणारा बाजार एकदम पुस्तकी मराठी बोलू लागला. "आम्ही आत होतो, हवालदारसाहेब. काही दिसलं नाही." एकामागून एक सगळे तेच म्हणाले. मला कोणी विचारले नाही. पाहुण्याला साक्षीत ओढायचे नाही, हीही तिथली रीत असावी. मी खाज्याचे पुडके हातात धरून उभी होते. विचारले असते तर मी खरे सांगितले असते. पण ते खरे कोणाच्या उपयोगाचे होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

हवालदार दवाखान्यात गेला, मागोमाग मीही गेले. मास्तर शुद्धीवर होते. तात्या पायथ्याशी उभे होते. "माझा पाय घसरला," मास्तर म्हणाले. "ड्रायव्हरचा दोष नाही. कोणाचाच दोष नाही."

त्यांच्या तोंडून इतके शुद्ध मराठी मी प्रथमच ऐकले. तात्यांनी मान खाली घातली.

पास्कूमास्तरांचे घर

दोन दिवसांनी मास्तरांना घरी आणले. घरापुढे तुळशीवृंदावनासारखाच पण क्रूस असलेला चौथरा, आणि आत एका खोलीत त्यांची खाट. गुडघ्याची वाटी फुटली होती. इथे जे करता येण्यासारखे होते ते केले, पुढचे मुंबईचे मोठे डॉक्टरच करतील, असे गावच्या डॉक्टरांनी सांगितले. मास्तरांची मुलगी वांद्र्याला होती. तिच्याकडे जायचे ठरले. माझ्याच बोटीने.

सुलभा आणि मी भेटायला गेलो तेव्हा दत्तोबा पायरीवर बसला होता. गाडी सोडून तो तिथे येऊन बसत होता, आत जायचे मात्र धाडस होत नव्हते. मास्तरांची बायको आनाबाई बाहेर आली आणि तिने त्याच्यापुढे पेजेची वाटी आणि भाजलेला सुका बांगडा ठेवला.

"जेव रे बाबा. तुझ्या आवशीन तुका उपाशी बसूक धाडूक नाय."

तो खाली मान घालून जेवला. मग तीच त्याला आत घेऊन गेली.

मास्तर त्याच्याशी छान बोलले. "कायरे दत्तो, एवढो घाट उतारतंस आणि माझो पाय दिसलो नाय तुका?" दत्तोबाच्या डोळ्यांना पाणी आले तशी ते त्यालाच रागे भरले. "रडतंस काय बायलेसारखो. ती उशी हयसर सरकय." त्याने उशी सरकवली. घरच्या पोरासारखा तो मग तिथे वावरू लागला.

तेवढ्यात तात्या आले. मास्तर अंथरुणात थोडे सावरून बसले.

"येवा, तात्यानू. बसा. आना, खुर्ची दी तेंका."

तात्या दारातच थबकले. त्यांची बसायची जागा खाटेची कड होती, हे मला नंतर सुलभाने सांगितले. त्या दिवशी ते खुर्चीवर बसले. दुखते का, झोप लागली का, असे त्यांनी विचारले. मास्तरांनी "तसा काय नाय, तुमी काळजी करू नकात" म्हटले. बोलणे तिथेच संपले. मग दोघेही माझ्याशी पुण्याच्या हवेविषयी बोलू लागले.

परतताना वाटेत तात्या थांबले. "ऐकलंस मा?" ते एकदम सुलभाला म्हणाले. "तात्या म्हणता माका. तुमी म्हणता."

"औषधाची गुंगी असेल, तात्या," सुलभा म्हणाली.

"त्या ड्रायवराक अरे-तुरे करता. गुंगी माझ्यापुरतीच आसा?"

दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम एकटे जायला निघाले, मग काय वाटले कोणास ठाऊक, मला बरोबर घेतले. खुर्ची बाजूला सारून ते खाटेच्या कडेवर बसले. "पास्कू," ते म्हणाले, "माझी चूक झाली. तू सरललंस. मी ओढलंय."

"छे, छे. असा कित्याक म्हणतास," मास्तर म्हणाले. "घडूचा होता ता घडला. चाय घेतलास काय तुमी?"

तात्यांचा चेहरा पाहून मी खिडकीबाहेर बघू लागले. कोणी त्यांना दोन शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरे वाटले असते.

त्या आठवड्यात बाजार बदलला. कोणी हुकूम काढला नव्हता की पाटी लावली नव्हती. पण संध्याकाळी माणसे कडेकडेने चालू लागली. भोंगा दूरवर वाजला तरी सगळे ओट्यांना चिकटत. जे मी दरवर्षी पाचवीच्या वर्गात खडूने फळ्यावर लिहिते, ते इथे न शिकवता सगळ्यांना आले होते. वाण्याकडे जाणारा सोनाराकडे बघत नव्हता, आणि रस्ता नुसता जाण्यायेण्याचा झाला होता. मला समाधान वाटायला हवे होते.

तात्या फिरायला बाहेर पडलेच नाहीत.

दत्तोबा निरोप घ्यायला आला. मालकाकडे त्याने दुसरी लायन मागून घेतली होती. "आता वाट मोकळी मिळती, बाई," तो म्हणाला. "एकदम मोकळी. तिच्यावरनं गाडी न्यावंना मला."

बंदर

बोट मालवणला धक्क्याला लागत नाही. ती बाहेर उभी राहते आणि उतारूंना होड्यांनी तिच्यापर्यंत जावे लागते. मास्तरांना खुर्चीत बसवून चौघांनी होडीत ठेवले. आनाबाई शेजारी, मी समोर. किनाऱ्यावर निम्मा बाजार जमला होता. निरोप घेऊन होडी ढकलायच्या वेळी तात्या धोतर वर धरून पाण्यात उतरले आणि होडीत चढून बसले.

"तुमचा तिकीट?" होडीवाल्याने विचारले.

"बोटीपर्यंत येतंय," तात्या म्हणाले.

किल्ला डाव्या हाताला ठेवून होडी चालली होती. पाणी संथ होते. वल्ह्यांचा आवाज तेवढा येत होता. तात्या मास्तरांच्या दुखऱ्या पायाकडे बघत होते आणि मास्तर किल्ल्याकडे. बोटीच्या शिडीशी आल्यावर खलाशांनी मास्तरांना उचलून घेतले. वर जाताजाता ते खाली वाकले.

"बरा तर, तात्यानू. सांबाळून जावा. लाट आसा."

लाट नव्हती. तात्यांनी हात जोडले. ज्याच्याशी ते आयुष्यभर भांडले, त्याला हात जोडताना मी त्यांना पाहिले. होडी वळली, आणि तात्या किनाऱ्याकडे तोंड करून बसले. ते मागे वळतील म्हणून मी बोटीच्या कठड्याशी उभी होते. ते वळले नाहीत.

देवगड मागे पडल्यावर डेकवर वारा सुटला. आनाबाई लवंडली होती. मास्तर जागे होते. पाय पुढे ठेवून ते समुद्राकडे बघत होते. मला विचारू नये असे वाटत होते आणि विचारल्याशिवाय राहवत नव्हते. मालवणने मला तेवढे शिकवले होते, की न विचारणेही बरे नव्हे.

"मास्तर," मी म्हटले, "तात्यांवर राग आहे का?"

त्यांनी नजर समुद्रावरून माझ्याकडे वळवली.

"रागच येवक व्हयो, बाय," ते म्हणाले. "मी वाट बघतंय तेची. राग इलो असतो तर शिव्या घातलंय असतंय. दोन दिवस बोललंय नसतंय. मगे परत वासू म्हटलंय असतंय. पण तो दारात इलो, आणि तेचा तोंड बघून माका दया इली. ज्याची दया येता तेका तू कसा म्हणाचा?"

थोड्या वेळाने त्यांनी माझी विचारपूस केली. पुण्याला पोचायला किती वाजतील, स्टेशनावर कोणी येणार आहे का, सामान उचलायला कोणी मिळेल का. सगळी अगदी आपुलकीने, जशी परक्या माणसाची करतात.

मुंबईला त्यांच्या मुलीने टॅक्सी आणली होती. मी पुण्याची गाडी धरली. शाळा सुरू झाली. पाचवीच्या वर्गात तो धडा आला, तेव्हा मी तो नेहमीसारखा शिकवला. डाव्या बाजूने चालावे, भोंगा ऐकताच बाजूला व्हावे. त्यात खोटे काही नाही. एका मुलीने विचारले, "बाई, आणि बाजूला झाले नाही तर?" मी म्हटले, "अपघात होतो." मुलींनी ते लिहून घेतले. त्याच्यापुढे मला जे माहीत होते ते पाचवीला सांगण्यासारखे नव्हते.

मे महिन्यात सुलभा पुण्याला माहेरी आली. मास्तरांचे ऑपरेशन झाले होते. पाय वाचला, पण गुडघा वाकत नाही. ते मुलीकडेच राहिले. तिसऱ्या मजल्याचा जिना चढता-उतरता येत नाही, म्हणून गॅलरीत बसतात. मालवणचे घर भाड्याने दिले आहे. दत्तोबा गगनबावड्याकडे गाडी चालवतो आणि नाताळात त्याने मास्तरांना काकवीचा डबा पाठवला होता.

"आणि तात्या?" मी विचारले.

तात्या शिमग्याआधी मुंबईला जाऊन आले होते. कोणाला न सांगता बोटीत बसले आणि वांद्र्याला गेले. मुलीला भेट म्हणून कोकमे आणि मास्तरांना सुके बांगडे घेऊन गेले. तिथे जेवायला थांबले नाहीत. लगेच पुढच्याच बोटीने परत आले.

"मी विचारले, तात्या, भेट झाली का? झाली म्हणाले. काय बोललात? तर काहीच सांगेनात. हातपाय धुऊन ओट्यावर बसले. मी चहा नेऊन दिला, तेव्हा तेवढे एकच म्हणाले."

"काय?"

सुलभा सासऱ्यांच्याच बोलीत बोलली. "पास्कून माका पावण्यांच्या चांगल्या कपातसून चाय दिल्यान गो."